थंडीतला गळ आणि पाण्याचा हिशेब

नाताळची सुट्टी जवळ आली की सहलीचे बेत सुरू होतात. कोणी किल्ल्यावर जाऊ म्हणतो, कोणी लेण्यांकडे बोट दाखवतो, आणि नदीकाठच्या गावात एखादा आजोळ असलेला मित्र हमखास म्हणतो, "नदीवर गळ टाकायला जाऊ या!" बेत उत्तम आहे. बांबूच्या काठ्या, तंगूस, गळ, शिशाचे तुकडे, कणकेचा गोळा आणि भरपूर वेळ, एवढ्यावर दिवस कसा जातो ते कळत नाही. पण बेत ठरताना बहुतेक टोळ्या एक चूक करतात. "पहाटे पाचलाच निघू, उजाडताना मासे चांगले लागतात," असे कोणीतरी ठामपणे सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात. उन्हाळ्यात हा सल्ला बरोबर असतो. थंडीत मात्र तो माशांच्या बाबतीत चुकतो आणि आपल्या बाबतीत धोक्याचा ठरतो.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. १९९८ सालच्या डिसेंबरात आम्ही पाच मित्र असेच पहाटे नदीवर गेलो होतो. सातच्या सुमारास एकाचा पाय शेवाळलेल्या दगडावरून घसरला आणि तो कमरेच्याही वर पाण्यात गेला. लगेच बाहेर आला, हसला, आम्हीही हसलो. जाड सुती सदरा आणि जीनची विजार पिळून त्याने पुन्हा अंगात घातली व गळ टाकून बसला. वारा सुटला होता. आठ वाजता तो कुडकुडत होता. नऊच्या सुमारास त्याला गळाची गाठ मारता येईना. बोलणे तुटक झाले. मग त्याचे कुडकुडणे हळूहळू थांबले आणि आम्ही म्हटले, चला, बरे वाटायला लागले! तेवढ्यात पलीकडच्या शेतातले एक म्हातारे गृहस्थ तेथे आले. त्यांनी त्याच्याकडे पाहिले मात्र, आणि ओरडले, "पोरांनो, बघत काय बसलात? त्याची कापडं काढा आधी!" त्यांनी स्वतःची घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळली, वाऱ्याआड झोपडीत नेऊन बसवले आणि कप हातात धरता येऊ लागल्यावर गुळाचा गरम चहा पाजला. तासाभराने मित्र माणसात आला.

आम्हा पाचांपैकी तिघे विज्ञान शाखेचे होते. पाण्याचा विशिष्ट उष्मा आणि बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा आम्हाला तोंडपाठ होता. पण तो उष्मा आपल्या मित्राच्या ओल्या सदऱ्यातून निघून जातो आहे, हे आमच्या ध्यानात आले नाही. तुमच्या ध्यानात ते यावे म्हणून आजचा हा पाठ. थंडीतल्या सहलीची आखणी आपण घड्याळ आणि नकाशा घेऊन नव्हे, तर तापमापक घेऊन करू.

नदी वाफाळते तेव्हा

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका घ्या. गोदावरी या तालुक्यातून वाहते. महाराष्ट्रातल्या थंडीच्या बातम्यांत निफाडचे नाव दरवर्षी येते; काही हिवाळ्यांत तेथील पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला आहे. स्वच्छ आकाशाच्या रात्री जमीन प्रारणाने आपली उष्णता आकाशात सोडत राहते. तिला लागून असलेली हवा गार होते, गार हवा जड असते, म्हणून ती उतारावरून सखल भागाकडे, म्हणजे नदीच्या पात्राकडे वाहत येते. त्यामुळे वरच्या माळावर जेवढी थंडी असते त्यापेक्षा नदीकाठी अधिक असते. ही घसरण सूर्योदयापर्यंत चालू राहते. दिवसातली सर्वांत थंड वेळ मध्यरात्र नव्हे, तर उजाडण्याच्या आसपासची.

आता समजा, सकाळी साडेसहाला काठावरच्या हवेचे तापमान ८ अंश आहे आणि पाण्याचे १९ अंश. पाणी हवेपेक्षा इतके ऊबदार कसे राहिले? एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला १ कॅलरी उष्णता लागते, तर एक ग्रॅम हवेला सुमारे पाव कॅलरी. त्यातही हवा अतिशय विरळ. एक लिटर पाण्याचे वजन १,००० ग्रॅम, तर एक लिटर हवेचे जेमतेम सव्वा ग्रॅम. दोन्ही गोष्टींचा गुणाकार केलात तर दिसेल की, एक लिटर पाणी एका अंशाने थंड होताना जेवढी उष्णता बाहेर टाकते तेवढ्यात जवळजवळ ३,५०० लिटर हवा एका अंशाने तापेल. नदी म्हणजे उष्णतेची मोठी पेढीच. तिचे भांडवल एका रात्रीत संपत नाही.

ऊबदार पाण्यावरून उठलेली वाफ वरच्या थंड हवेत शिरते, तिचे बारीक थेंब बनतात, आणि नदी वाफाळल्यासारखी दिसते. हे दृश्य सुंदर असते, आणि फसवेही. कोणीतरी हात बुडवतो आणि म्हणतो, "अरे, पाणी तर कोमट आहे!" आठ अंशांच्या हवेत गारठलेल्या हाताला १९ अंशांचे पाणी कोमटच लागणार. पण आपल्या कातडीचे तापमान ३३ अंशांच्या आसपास असते. पाणी तिच्यापेक्षा १४ अंशांनी थंडच आहे. शिवाय पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हवेच्या सुमारे २४ पट असते. कातडी आकसून थोडा बचाव करते. म्हणून शरीर प्रत्यक्षात २४ पट वेगाने थंड होत नाही, तरी हवेपेक्षा कित्येक पट वेगाने होतेच. १९ अंशांची हवा आल्हाददायक असते. १९ अंशांच्या पाण्यात तासभर राहणे मात्र आजाराला निमंत्रण देणे होय.

पहिला नियम तुमच्या वहीत लिहा : पाण्याचा हिशेब हवेच्या हिशेबाने करू नये.

मासा कोठे असेल?

मासा शीतरक्ती प्राणी आहे. त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते आणि त्याबरोबर त्याच्या शरीरातील रासायनिक क्रियांचा वेगही बदलतो. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी उतरले की हा वेग निम्म्यावर येतो. अन्न सावकाश पचते, म्हणून भूक मंदावते. आमिषामागे धावण्यात जी शक्ती खर्च होईल ती आमिषातून परत मिळणार नसेल, तर मासा जागचा हलत नाही. म्हणून थंडीत आमिष लहान असावे आणि ते माशाच्या तोंडापाशी जावे.

दुसरी गोष्ट विरघळलेल्या ऑक्सिजनची. पाणी जितके थंड, तितका त्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. समुद्रसपाटीवर ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. २० अंशांना ९ मिलिग्रॅम, तर १० अंशांना ११ मिलिग्रॅमहून थोडा जास्त. म्हणजे थंडीत माशाची गरज कमी आणि पुरवठा अधिक! एप्रिल-मे महिन्यांत काही मासे खळाळत्या पाण्याजवळ येतात, कारण तेथे हवा मिसळते. थंडीत त्यांना ती यातायात करावी लागत नाही. ते संथ, खोल डोहात स्वस्थ पडून राहतात.

डोहातच का? एक छोटे गणित करू. समजा, रात्रभरात नदीच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागातून ६०० किलोकॅलरी उष्णता निघून गेली. जेथे पाणी २० सेंटिमीटर खोल आहे तेथे त्या एका चौरस मीटरखाली २०० किलो पाणी आहे. ते ३ अंशांनी थंड होईल. जेथे डोह २ मीटर खोल आहे तेथे २,००० किलो पाणी आहे; ते फक्त ०.३ अंशाने थंड होईल. उष्णतेचा खर्च तोच, पण श्रीमंताला तो जाणवत नाही! म्हणून सकाळी उथळ पाणी गार आणि डोह त्या मानाने ऊबदार असतो.

दुपारी चित्र उलटते. ऊन पडले की उथळ पाणी लवकर तापते. जेथे डोहाचा काठ उन्हाकडे तोंड करून आहे आणि तळ हळूहळू चढत गेला आहे, तेथे दुपारी पाणी दोन-तीन अंशांनी अधिक गरम होते. तेथे किडे, शेवाळ आणि लहान जीवांची हालचाल वाढते आणि डोहातला मासा खाण्यासाठी त्या कडेला येतो.

यावरून सहलीचे वेळापत्रक आपोआप ठरते. सकाळी दहापर्यंत काठावर पोहोचा. अकरा ते चार ही गळ टाकण्याची वेळ. चारनंतर आवरायला घ्या आणि सूर्य मावळण्यापूर्वी गावात या. गंमत पाहा, माशाला भूक लागण्याची वेळ आणि आपल्या शरीराला नदीकाठ सोसवण्याची वेळ एकच निघाली. दोघांचे वेळापत्रक एकाच गोष्टीने, पाण्याच्या उष्णतेने, ठरवले.

बोला, पण पाय आपटू नका

मित्रमैत्रिणींची टोळी नदीवर गेली की कोणीतरी सारखे "शूऽऽ!" करीत असतो. बोलल्याने मासे पळतात, अशी समजूत आहे. भौतिकशास्त्राला ती फारशी मान्य नाही. हवेतून येणारा आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळतो तेव्हा त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा परावर्तित होते. हजारात एखादाच भाग पाण्यात शिरतो. तेव्हा गप्पा मारायला हरकत नाही. पण काठावर धावलात, दगड लोटलात किंवा काठी आपटलीत, तर ते हादरे जमिनीतून थेट पाण्यात जातात. माशाच्या दोन्ही अंगांना पार्श्वरेखा नावाचे ज्ञानेंद्रिय असते. पाण्यातली बारीकशी हालचालही त्याला तिच्यामुळे कळते. म्हणून बोला, पण हळू चाला.

दुसरी काळजी दिसण्याची. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सगळे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. पाण्याचा क्रांतिक कोन सुमारे ४८.६ अंश असल्याने ही खिडकी ९७ अंशांच्या शंकूएवढी असते. क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे सर्व काही तिच्यात कोंबलेले असते आणि क्षितिजालगतच्या वस्तू तिच्या कडेला अगदी दाबून बसवलेल्या असतात. समजा, मासा पाहतो त्या जागेपासून तुम्ही ५ मीटर दूर आहात आणि तुमचे डोके पाण्यापासून १६० सेंटिमीटर उंच आहे. वक्रीभवनाच्या नियमाने गणित केले तर तुम्ही खिडकीच्या कडेचे सुमारे ३ अंश व्यापता. खाली बसून डोके ८० सेंटिमीटरवर आणलेत, तर एक अंशही व्यापत नाही! तेव्हा मागे सरून बसणे हीच उत्तम लपण्याची जागा. बसल्याने वाराही कमी लागतो आणि तोल जाण्याची भीतीही कमी होते.

हेच वक्रीभवन आपल्यालाही फसवते. सरळ वरून पाहिले तर पाणी खऱ्या खोलीच्या तीन-चतुर्थांशच खोल दिसते. तळ ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे गुडघ्याएवढा वाटला, तर तो प्रत्यक्षात ६० सेंटिमीटरवर असतो. तिरपे पाहिले तर तो आणखीच वर आल्यासारखा भासतो. स्वच्छ हिवाळी पाण्यात ही फसगत जास्त होते, कारण तळ दिसतो आणि आपण डोळ्यांवर विश्वास ठेवतो. विश्वास काठीवर ठेवा. पाय टाकण्याआधी काठी टाका. आणि खरे सांगायचे तर थंडीत पाय टाकूच नका.

पाऊस नाही, तरी पाणी चढते

"पावसाळा संपला, आता नदीला पूर कुठला?" हा प्रश्न रास्त आहे, पण आपल्या बहुतेक नद्यांवर धरणे आहेत. रब्बीच्या पिकांसाठी हिवाळ्यात धरणांतून आवर्तने सोडतात. निफाडच्या भागात गंगापूर आणि दारणा या धरणांतून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याकडे येते आणि तेथून कालव्यांत जाते. निरभ्र आकाशाखाली, ढगाचा मागमूस नसताना, पाणी चढू शकते ते असे.

वाहते पाणी ढकलते किती? बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अर्धा मीटर खोल पाण्यात, सेकंदाला एक मीटर वेगाच्या प्रवाहात उभ्या असलेल्या माणसाच्या दोन पायांवर साधारण ६ किलो वजनाइतका रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, म्हणजे २४ किलो! पायाखाली शेवाळलेला दगड असेल तर पुढचे सांगायला नको.

म्हणून आदल्या दिवशी गावात आणि पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात चौकशी करा. काठावर पोहोचताच पाण्याच्या कडेला एक खुणेची काठी रोवा. दर अर्ध्या तासाने एकाने ती पाहायची आणि वहीत नोंद करायची. पाणी बोटभर चढलेले दिसले, किंवा स्वच्छ पाण्यात अचानक गढूळपणा व काडीकचरा दिसू लागला, की सामान गोळा करून वर यायचे. नदीच्या मधल्या बेटावर किंवा खडकावर बसू नये, ते याचसाठी.

ओल्या सदऱ्याचे गणित

आता माझ्या मित्राच्या सदऱ्याकडे वळू. जाड सुती कपडे आणि जीनची विजार भिजली की पिळूनसुद्धा एक लिटर पाणी सहज धरून ठेवतात. कातडीच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. म्हणजे एक लिटर पाणी अंगावरच वाळवायचे तर ५८० किलोकॅलरी उष्णता हवी.

ती कोठून येणार? पन्नास किलो वजनाच्या मुलाचे शरीर एका अंशाने थंड होते तेव्हा सुमारे ४० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. भागाकार करा : ५८० भागिले ४०, म्हणजे साडेचौदा! सगळी उष्णता त्या शरीरातूनच घेतली गेली, तर त्याचे तापमान साडेचौदा अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. काही उष्णता उन्हातून व हवेतून मिळते आणि शरीरही स्वस्थ बसल्या बसल्या तासाला ६०-७० किलोकॅलरी निर्माण करते; कुडकुडण्याने त्यात भर पडते. पण शरीराच्या आतले तापमान ३७ वरून ३५ च्या खाली गेले, म्हणजे केवळ दोन अंशांचा फरक पडला, की माणूस धोक्याच्या हद्दीत शिरतो. साडेचौदातले दोन अंश किती लवकर निघून जातील याचा विचार करा. वारा असेल तर बाष्पीभवन वाढते, म्हणून हा वेळ आणखी कमी होतो. ओल्या कपड्यांनी मोटारसायकलवर किंवा टेम्पोच्या उघड्या हौद्यात बसून घरी निघणे हा तर सर्वांत वाईट उपाय.

धोक्याची चिन्हे क्रमाने लक्षात ठेवा. आधी जोराचे कुडकुडणे. मग बोटे बधिर होणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे, "मला काही झाले नाही" असा हट्ट. आणि नंतर, अंग अजून गारच असताना, कुडकुडणे थांबणे. हे थांबणे म्हणजे सुधारणा नव्हे. शरीराची उष्णता निर्माण करण्याची शक्ती संपत आल्याची ती खूण आहे. आम्ही नेमके तेथेच चुकलो होतो. गारठलेल्या माणसाला स्वतःची अवस्था कळत नाही. ती शेजारच्याला कळली पाहिजे. टोळीने जाण्याचा खरा उपयोग हाच.

उपाय साधे आहेत. वाऱ्याआड न्या. ओले कपडे काढा, अंग टिपून कोरडे करा, चोळू नका. कोरडे कपडे आणि वर घोंगडी गुंडाळा. डोके व मान झाका. खाली जमिनीवर चटई किंवा गवत टाका, नाहीतर वहनाने उष्णता जमिनीत जाते. माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल तरच गरम, गोड पेय द्या. त्याला चालायला लावू नका. बोलणे अडखळत असेल किंवा गुंगी येत असेल, तर वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. थंडीत "ऊब येण्यासाठी" मद्य घ्यावे असे काही मोठी माणसे म्हणतात. ती शुद्ध फसवणूक आहे. मद्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब आल्यासारखे वाटते, आणि आतली उष्णता मात्र झपाट्याने बाहेर पडते.

घोंगडीच का? ऊब कापडाने नव्हे, तर त्यात अडकलेल्या स्थिर हवेने येते. सुती कापड भिजले की त्याचे धागे लोळागोळा होऊन अंगाला चिकटतात आणि हवेची जागा पाणी घेते. लोकरीचे धागे कुरळे आणि ताठ असतात. ओलाव्यातही त्यांच्यात थोडीफार हवा टिकून राहते. धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपणही एक जाड कपडा घालण्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, त्यांत एक लोकरीचा असावा आणि डोक्याला कानटोपी असावी.

टोळीची आखणी

आठ जणांची टोळी असेल तर चार जोड्या करा. जोडीने बसायचे, जोडीने उठायचे. बरोबर पोहता येणारी किमान दोन मोठी माणसे हवीतच. एका जोडीकडे खुणेची काठी व वही, दुसरीकडे शिधा व पाणी, तिसरीकडे कोरड्या कपड्यांची पिशवी. ती पिशवी प्लॅस्टिकमध्ये बांधून काठापासून दूर ठेवायची. चौथ्या जोडीकडे दोर आणि डबा.

हा डबा म्हणजे घट्ट झाकणाचा, पाच लिटरचा रिकामा कॅन. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे तो पाण्यात बुडू लागला की पाच किलो वजनाइतके प्लावक बल मिळते. माणसाचे शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतेच. तोंड वर राहायला त्याला चार-पाच किलोंचाच आधार हवा असतो. दहा लिटरचा कॅन मिळाला तर अधिकच चांगले. त्याला पंधरा मीटर दोर बांधा आणि फेकण्याचा सराव घरीच करा. कोणी पाण्यात पडले तर कॅन फेकायचा, स्वतः उडी मारायची नाही. गार पाण्यात अचानक पडल्यावर श्वास धापा टाकल्यासारखा होतो. अशा वेळी घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्यालाही मिठी मारतो.

शिधा भरपूर न्या. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि थर्मासमध्ये चहा. थंडीत अन्न हे शरीराचे सरपण आहे.

परवानगीचीही चौकशी करा. तलाव आणि जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात; त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. नांदूर मध्यमेश्वर हे पक्ष्यांचे अभयारण्य आहे. २०२० साली त्याला महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. तेथे दुर्बीण घेऊन जावे, गळ घेऊन नव्हे. काही ठिकाणी देवाच्या नावाने राखलेले डोह असतात. महाड तालुक्यातील वाळण कोंड अशा डोहांपैकी एक. तेथे महसीर मासे माणसाच्या हातून खातात. अशा डोहांनी माशांच्या जाती टिकवल्या आहेत; त्यांचा मान राखा. आणि तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.

करून पाहा

सहलीत एक प्रयोग जरूर करा. प्रयोगशाळेतला तापमापक दोरीला बांधा, बरोबर शिशाचा तुकडा जोडा आणि दर तासाला तीन नोंदी घ्या : काठावरच्या सावलीतील हवा, उथळ पाणी आणि डोहाचे पाणी. तापमापक खोल पाण्यातून वर काढताना त्याचा पारा उतरू वा चढू नये म्हणून त्याच्या फुग्याभोवती चिंधी गुंडाळा आणि पाण्यात पाच मिनिटे राहू द्या. चौथ्या रकान्यात त्या तासात किती वेळा गळ ओढला गेला ते लिहा. घरी येऊन आलेख काढा. हवेची रेषा सर्वांत जास्त चढउतार करील, डोहाची सर्वांत कमी, उथळ पाण्याची मधली. गळाची रेषा कोणत्या रेषेबरोबर चालते ते तुम्हीच शोधा.

दुसरा प्रयोग घरचा. सारख्या मापाच्या तीन बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. एक उघडी ठेवा, दुसरीला कोरडा सुती पंचा गुंडाळा, तिसरीला ओला. तिन्ही पंख्याखाली ठेवून अर्ध्या तासाने तापमान मोजा. ओल्या पंचाची बाटली उघड्या बाटलीपेक्षाही थंड झालेली आढळेल. ती बाटली म्हणजे माझा मित्र, हे विसरू नका.

आता बेत आखायला बसा. आणि यादी करताना पहिल्या ओळीत गळ लिहू नका. पहिल्या ओळीत लिहा : प्रत्येकी एक कोरडा जोड.